दुरडीखालचं पीठ

आमच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर जुने दिवाळी अंक पडलेले असतात. कव्हर गेलेले, पानं सुटलेले. दुपारी पेशंट नसले की मी ते चाळते. त्यात नोकरीतून मोकळी झालेली माणसं आपापल्या कामाबद्दल लिहितात. एका कंडक्टरचं वाचलं, एका पोस्टमनचं, एका फौजदाराचं. आयाबाईने लिहिलेलं मात्र कधी दिसलं नाही. लिहिलं तरी सणासुदीला असलं कोण वाचणार, तेही खरं. म्हणून हे मी माझ्यापुरतं लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढे मेंढरांमागे गेले. कुणासमोर बोलायचं म्हटलं की माझं वाक्य अर्ध्यातच तुटतं. लिहिताना तसं होत नाही.

माझं माहेर आण्याच्या पठारावरचं, धनगराचं. मालक वारल्यावर नारायणगावला आले आणि डॉक्टरमॅडमच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात कामाला लागले. मागच्या अंगाला पत्र्याची खोली आहे, तिथे राहते. मला नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे मावशीच म्हणतात. आयाचं काम कुणी विचारलं तर मी सांगते, सिस्टरने हातमोजे काढले की पुढचं सगळं माझं. पाणी तापवणं, बाईला पुसणं, पट्टा बांधणं, ट्रे धुणं, फरशी पुसणं. बाळंतपण झालं की पेढे सगळ्यांना मिळतात. बाळाला पहिल्यांदा कापडात गुंडाळते ती मी. त्याचा मला गर्व आहे, पण तो मी दाखवत नाही.

आमच्याकडे पोट रिकामं करायलाही बायका येतात. कायद्याने जे बसतं तेच होतं. मॅडम घरच्यांना बाहेर बसवून बाईला एकटीला आत घेतात आणि विचारतात, तुझ्या मनात काय आहे ते सांग. बाहेरच्या लोकांना वाटतं, आत काहीतरी भयंकर असेल. तसं काही नसतं. स्वच्छ खोली, ट्यूबलाइट, स्टीलचा ट्रे. मला आजही जड जातं ते नंतरचं. बाळंतपणात शेवटी कुणीतरी रडतं, मग सगळे एकदम बोलायला लागतात. इथे शेवटी कुणी रडत नाही. मग पहिलं कुणी बोलायचं ते कळत नाही. मी नळ सोडते.

जे निघतं ते पिवळ्या पिशवीत घालून मागच्या खोलीत ठेवायचं. गाडी येते आणि घेऊन जाते. त्या खोलीत आम्ही डबा खात नाही, तिथे बसून बोलत नाही. असं कुणी सांगितलेलं नाही. वॉर्डात एक लोखंडी पाळणा टांगलेला असतो. तो रिकामा असला की मी त्याच्या कडीला फडकं बांधून ठेवते, वाऱ्याने हलू नये म्हणून. रिकामा पाळणा हलवू नये, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण फडकं बांधलेलं असूनही कधी कधी दुपारी तो हललेला दिसतो. मी त्याच्याकडे बघत नाही, फडकं परत आवळते.

पोटातल्याला माणूस कधी म्हणायचं, याचा प्रत्येकाचा हिशेब वेगळा. आमच्या शमीम सिस्टर जुन्नरच्या. त्या सांगतात, "आमच्यात चार महिने झाले की फरिश्ता येऊन रूह फुंकतो. त्याच्या आधी नुसतं रक्त-मांस."

मी एकदा म्हटलं, "मग दोन महिन्यांचं असलं तरी तुम्ही ओठ का हलवता?"

"सवय हो, मावशी," त्या म्हणाल्या, आणि टॉवेल घ्यायला वळल्या.

एक टोमॅटोचे बागायतदार बायकोला घेऊन आले होते. दोन मुलं होती, तिसरं नको होतं. बायको गप्प होती म्हणून ते मॅडमना समजावत होते, "मॅडम, अजून कळी हाय. टोमॅटो कुठं झालाय?"

बायको तिथेच म्हणाली, "मंग गारंनी कळी झडली की पंचनामा करा म्हनून तालुक्याला कशाला पळता?" मॅडमनाही हसू आवरलं नाही. बाईने पुढे तिच्या मर्जीने पोट रिकामं केलं, आणि जाताना पायरीवर बसून पुष्कळ वेळ चप्पल घालत राहिली.

माझ्या आईचा हिशेब मेंढरांवरून होता. गाभ टाकलेली मेंढी त्या जागेवर वास घेत उभी राहते. तळ हलवायच्या वेळी सगळा कळप निघतो, ती निघत नाही. तिला शिंगाला धरून ओढावं लागतं. आई म्हणायची, "मेंढी सांगती जीव व्हता का नव्हता. आपुन कोन सांगनार?" माझंही एक चौथ्या महिन्यात गेलं, असंच एका तळावर, दुसऱ्याच्या वावरात. आईने खुरप्याने बांधाला खड्डा केला. सकाळी तळ हलला. कुठल्या गावचं वावर होतं ते मला आता आठवत नाही.

आता कमलचं सांगते. हे सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

कमल तळेघरच्या वरच्या एका वाडीतली. पहिलटकरीण, पाचवा महिना. बरोबर नवरा आणि सासू. नवरा भिंतीला टेकून मोबाइलकडे बघत उभा, पण मोबाइल बंद. सासू चिमाबाई, काटक, बारीक, डोईवरचा पदर न ढळणारी. सोनोग्राफीत दिसलं होतं की बाळाला कवटीच नाही. भुवयांच्या वर काही तयारच झालेलं नाही. मॅडमनी नीट समजावून सांगितलं. पोटात आहे तोवर वाढेल, बाहेर आलं की थोडक्या वेळात जाईल. याला औषध नाही. ठेवायचं की मोकळं व्हायचं ते कमलने सांगायचं.

चिमाबाईंनी विचारलं, "ठोकं पडत्यात का पन?"

"पडतात," मॅडम म्हणाल्या. त्या खोटं सांगत नाहीत.

मॅडमनी ठोके ऐकायचं मशीन पोटावर ठेवलं तेव्हा मी पडद्याशीच होते. तो आवाज मला पाठ आहे, लांबून घोडं पळत यावं तसा. कमल म्हणाली, "ह्ये तर पळतंय." 

चिमाबाईंनी तिच्या पायांवर चादर ओढली आणि म्हणाल्या, "ठोकं तर उंदराचं बी पडत्यात. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर ल्हिती, तवा त्यो मानूस. तिनं ल्हिल्याबिगर आमच्यात सुतक बी न्हाई. आन् ह्याला कपाळच न्हाई. ती ल्हिनार कुठं?"

मी इतक्या वर्षांत पुष्कळ ऐकलं, पण असं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. आपल्या सुनेला सोपं जावं म्हणूनच म्हटलं होतं. कमलने त्यांच्याकडे बघितलं आणि मॅडमना म्हणाली, "त्याला भायेर येऊन तरास व्हनार असंल तर नको. करा मोकळं." एकटीला आत घेतल्यावरही ती तेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोकळी झाली. मी हात पुढे केले. ओंजळीत मावेल एवढं. बोटं सगळी होती. ओठ होते. पापण्या मिटलेल्या, आणि पापण्यांच्या वर कपाळाच्या जागी काही नव्हतं, हे खरंच होतं. ते हललं नाही. मी नीट बघितलं. मी नेहमी बघते, कारण पुढे कधी कुणी विचारलं तर सांगता यायला हवं.

कमलला दाखवू का, असं मी चिमाबाईंना खुणेने विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. त्यांनी स्वतः बघितलं का, तर तेही नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "पिशवीतच जाऊ द्या." काही लोक मागून नेतात, ओढ्याकाठी पुरतात. यांनी मागितलं नाही. मी मऊ फडक्यात गुंडाळून मागच्या खोलीत ठेवलं. संध्याकाळी गाडी घेऊन गेली.

खरं तर कमलने दुसऱ्या दिवशीच घरी जायचं होतं. पण सकाळी मी पाणी घेऊन गेले तर ती पोटावर दोन्ही हात दाबून बसलेली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "ह्ये हलतंय."

मी म्हटलं, "पोट आवळतंय, बाय. तसं होतं."

"न्हाई. मला म्हाईत हाय कसं हलतं ते. लाथ मारतंय."

मॅडमनी तपासलं. पोट रिकामं होतं. त्या म्हणाल्या, असं काही बायकांना होतं, शरीराला कळायला वेळ लागतो. कमलने हट्टच धरला म्हणून शमीम सिस्टरांनी मशीन पोटावर ठेवलं. खोलीत ढप, ढप, असा संथ आवाज आला. "हा तुझाच आहे, बघ," सिस्टर म्हणाल्या आणि तिची नाडी धरून दाखवली.

कमल म्हणाली, "माजा हाय तर माज्या पोटात कशाला वाजतोय?"

सिस्टरांनी मशीन बंद केलं. मी तिथून निघाले, आणि पुसलेली फरशी परत पुसत बसले.

त्यात तिला दूध आलं. पाचव्या महिन्यात गेलं तरी येतं. शरीराला कुणी निरोप दिलेला नसतो. अशा वेळी छाती घट्ट बांधावी लागते. मी जुन्या लुगड्याचा पट्टा शिवायला घेतला. माझे डोळे आता सुईला दाद देत नाहीत. चिमाबाईंनी माझ्या हातातून सुई घेतली आणि तिथे खिडकीपासून लांब, अंधाऱ्या बाजूला बसून, एका झटक्यात ओवून दिली.

"नजर लई चांगली हाय की तुमची," मी म्हटलं.

"नाचनीतला खडा मी न्हाई काढायचा तर कुनी?" त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशीही कमल उठेना. जेवेना. नवरा जीप ठरवून आला तर म्हणाली, "मी न्हाई येत. त्याला हितं टाकून कशी येऊ?" नवरा बिचारा परत भिंतीला टेकला. मला ती तळावरची मेंढी दिसत होती. हिला शिंगं नव्हती ओढायला.

मग तिने ते मागितलं. आमच्याकडे माणूस गेलं की, त्या जागी पीठ पसरून दुरडी पालथी घालतात, शेजारी पणती लावतात. सकाळी दुरडी उचलून बघायचं, पिठावर काय उमटलं ते. पाखराचं पाऊल असेल तर पाखराच्या जन्माला गेला, माणसाचं असेल तर माणसाच्या. कमल म्हणाली, "आत्या, त्याच्यासाटी पीठ ठिवा. उमटलं तर त्यो व्हता. न्हाई उमटलं तर नव्हता. मग मी येती घरी."

चिमाबाई इतका वेळ शांत होत्या. आता त्यांचा आवाज चढला. "पीठ मेलेल्या मानसाला ठिवत्यात. ठिवलं म्हंजी मानूस मेलं आसं झालं. मग मारलं कुनी? मी? का तू?"

वॉर्डात दुसरी एक बाळंतीण होती, तिने आपलं बाळ जवळ ओढून घेतलं. चिमाबाई बाहेर जाऊन पायरीवर बसल्या.

कमल माझ्याकडे बघत राहिली.  संध्याकाळी मी माझ्या डब्यातलं तांदळाचं पीठ घेतलं, आणि मागच्या खोलीत जिथे ते फडकं ठेवलं होतं त्या फरशीवर चाळणीने चाळलं. हात लावला नाही. चाळलेलं पीठ कसं पडतं, धुक्यासारखं, वर बारीक रवाळ दाणे. त्यावर माझी भाकरीची दुरडी पालथी घातली, पणती लावली, दाराला कडी घातली. कुलूप त्या खोलीला नाहीच. शमीम सिस्टर दारात भेटल्या. त्यांनी पणतीचा उजेड बघितला. त्या म्हणाल्या, "पाल फिरली तरी उमटेल हो, मावशी. मग काय सांगणार तिला?" मी दाराची कडी परत एकदा चाचपली. त्यांनी ओठ हलवले आणि ड्यूटीवर गेल्या.

सकाळी उजाडता उजाडता मी बंब पेटवून मागच्या खोलीकडे गेले. कडी काढलेली होती.

आत चिमाबाई उकिडव्या बसल्या होत्या. दुरडी बाजूला, उताणी. पणती विझलेली, पण वातीतून अजून धूर येत होता. म्हणजे नुकतीच विझली होती, किंवा कुणी विझवली होती. पीठ फरशीवर होतं. एकदम सपाट. सारवल्यासारखं. वरचे रवाळ दाणे कुठेच नव्हते. चिमाबाईंचा उजवा तळवा मनगटापर्यंत पांढरा होता.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. घाबरलेला नव्हता. अनोळखी गावात आपल्याला कुणी नावाने हाक मारली की माणूस जसा थबकतो, तसा होता.

कमल भिंत धरत धरत मागे आली. दोन दिवसांत पहिल्यांदा पलंगावरून उठली होती.

चिमाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "काय न्हाई उमटलं. बग."

कमलने वाकून बघितलं. "इतकं सपाट?" मग मला म्हणाली, "मावशी, तुमी आदी बगितलं का?"

"मी आले तेव्हा असंच होतं," मी म्हटलं. ते खरं होतं. त्याच्यापुढे बोलायचा मला अधिकार नव्हता, आणि धीरही नव्हता.

कमल पोटावर हात ठेवून उभी होती. "मग ह्ये काय हलतंय?"

"आतडं हाय तुजं. चार दिस जेवली न्हाईस." असं म्हणत चिमाबाईंनी पीठ गोळा करायला घेतलं. एका हाताने नाही, दोन्ही हातांनी, ओंजळीने, कण मागे राहू नये अशा बेताने. फरशीच्या सांध्यातलंही नखाने काढलं. आणि ते सगळं त्यांनी आपल्या पदराच्या टोकात घेऊन गाठ मारली.

मी म्हटलं, "बाई, ते वाहत्या पाण्यात सोडायचं असतं. आपली मीना नदी इथं जवळच आहे."

"सोडीन," त्या म्हणाल्या. "आदी घरी नेती."

कमल त्या गाठीकडे बघत होती. ज्यात काही उमटलं नाही असं पीठ कुणी एवढं जपून बांधत नाही, हे तिलाही कळलं असणार. ती आत गेली, तोंड धुतलं, आणि मी दिलेला चहा प्याली. नवऱ्याला म्हणाली, "जीप बगा."

जीप भरेपर्यंत त्या फाट्यावर बसल्या होत्या. मी पट्ट्याचं जास्तीचं कापड द्यायला गेले. कमल आत बसल्यावर चिमाबाई माझ्याजवळ आल्या. एका हाताने पदराची गाठ धरलेली. मला वाटलं, मी बघितलं ते कुणाला सांगू नको म्हणतील. तर त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बाय, त्याची पाचवी कवा येती गं? माजा दिसांचा मेळ न्हाई लागत हितं."

मी सांगितलं, "उद्या."

त्यांनी मान हलवली आणि जीपमध्ये चढल्या.

पुढे कमल तपासणीला आली ती एकटीच, नवऱ्याला बाहेर बसवून. तोंडावर थोडी रया आली होती. मॅडमनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. जाताना ती मागे माझ्याकडे आली. मी चादरी पिळत होते. तीही दुसरं टोक धरून पिळायला लागली.

मी विचारलं, "हलतं का अजून?"

"न्हाई. पाचवीपास्नं न्हाई." मग तिने सांगितलं. पाचवीच्या संध्याकाळी चिमाबाईंनी घरातल्या बायांना काही न कळू देता चुलीमागे पाटा मांडला. काजळ ठेवलं, हळदकुंकू ठेवलं, नाचणीच्या पिठाचा दिवा केला. बाळ असतं तर बाळाला जवळ निजवतात. त्या जागी त्यांनी पदराची गाठ सोडली, पीठ पसरलं, तळव्याने सारखं केलं आणि वर दुरडी पालथी घातली.

"म्या म्हनलं, आत्या, ह्ये काय? तर म्हनल्या, त्याला कपाळ नव्हतं ना. मग तिनं ल्ह्यावं कुठं? हितं ल्हील."

चादरीतलं पाणी आमच्या पायांवर गळत होतं.

"दवाखान्यात काय दिसलं व्हतं तेबी इच्यारलं," कमल म्हणाली. "तर म्हनत्यात, मला कुठं दिसतंय आता, डोळ्यात मोती पडलाय."

अंधारात सुई ओवणारे ते डोळे मला आठवले. मी चादर झटकली. "आणि सहाव्या दिवशी सकाळी? दुरडीखाली काय होतं?"

कमलने मान हलवली. "आत्यानी दुरडी उचललीच न्हाई. खाली सूप सारलं, दुरडीसकट उचललं आन् वढ्यात सोडून आल्या. मी म्हनलं, बगा तरी. तर म्हनल्या, तिचं ती ल्हिती. आपुन वाचायचं न्हाई."